पोटात काही उरलंय का

२१ फेब्रुवारी १९९६
राखेचा बुधवार

ब्लासी,

थोरल्या बहिणीनं पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायचा असतो. तो मी लिहिलेला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. विसरलेले नाही. लिहिला नाही.

हे पत्र माझं नव्हे, नावेचं आहे. रविवारी मिस्सेनंतर आमा बोलींनी, घराण्याचे म्होरके म्हणून, सगळ्यांना थोरल्या घरी बोलावलं आणि ठरलं, की ब्लासियुसला कळवायचं. लिहिणार कोण, म्हणताच सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "बरं माझंच नाव सुचलं! ज्याच्या नावानं मी तीन वर्षं खडे फोडतेय, त्याला मीच लिहू?" तर म्हातारा सुपारी कातरत म्हणतो, "म्हणून तर तू. दुसऱ्या कुणाचं पत्र आलं तर तो चुलीत घालेल."

तर ऐक. आपली 'लेरा गेरे' तीन वर्षं छपराखाली पडून आहे. तू मलेशियात पळालास त्याच मोसमात पुढं वितालिसच्या हातात भाला दिला होता. त्याचे दोन नेम चुकले, तिसऱ्या खेपेला वल्हं मोडून बेनीचे पुढचे दात गेले. आमा बोलींनी नाव वर ओढायला लावली. म्हणाले, ज्यानं पोटात ठेवून पाणी थुंकलं तो येऊन पोटातलं बाहेर काढत नाही, आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याशी त्याचं मिटत नाही, तोवर ही नाव समुद्राला लागायची नाही.

हे सगळं तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तिकडे ताडतेलाच्या मळ्यांत राहून माणूस गावचं विसरतो म्हणतात. मोसम उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी नावेचे सगळे थोरल्या घरात बसतात. आमा तीन वेळा विचारतात, "पोटात काही उरलंय का?" ज्याचं असेल त्यानं बोलावं, भांडावं, रडावं, मिटवावं. मग देवळातल्या पातेरांनी आशीर्वाद दिलेलं पाणी करवंटीतून तोंडात घ्यायचं, खळखळून दाराबाहेर थुंकायचं. राग पोटात ठेवून जो देवमाशाच्या मागं जातो, त्याच्या नावेला समुद्र सोडत नाही. आणि तू, नावेच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभा राहणारा भालाईत, तू काय म्हणालास? "काही नाही." तिन्ही वेळा. आणि दुसऱ्या दिवशी माझा दामियान दोराबरोबर गेला.

असो. नावेचं पत्र आहे, नावेचंच लिहिते. नाव निघत नाही म्हणजे आपल्या घराण्यातल्या विधवांचा वाटा येत नाही. त्या वाट्यावर तेक्ला मावशी जगली, तिच्या सासवा जगल्या. आता त्या रांगेत मीही आहे. माझ्या येरेला मिसरूड फुटलंय, बापाच्या बाकावर बसून वल्हवायचं म्हणतो. मी नको म्हटलं तर परक्यांच्या नावेत जाईल, तो बापासारखाच हट्टी आहे.

तीस एप्रिलला थोरल्या घरात करवंटीतलं पाणी फिरेल. त्याआधी ये. तोंड धू, नाव सुटू दे, मग हवं तर परत जा. माझ्या घरी यायची काही गरज नाही.

पेत्रोनेला


१४ मार्च

ब्लासी,

उत्तर नाही. पत्र तिकडे मलेशियात तावाऊला पोचायलाच पंधरा-वीस दिवस लागतात, हे कळतं मला. तरी राग आला. तुझा राग यायला मला फारसं काही लागत नाही.

आज डोंगरातून परत आले. डोक्यावर मीठ, चुना आणि शेजाऱ्यांकडून मिळालेले चार सुके मासे घेऊन गेले, मका आणि कच्ची केळी घेऊन उतरले. वरच्या गावातली ती चकणी लुसिया आठवते ना? टोपलीत डोकावून म्हणाली, "हे काय गं, मांजराचा नैवेद्य आणलास? देवमाशाचं सुकं मांस कुठाय?" मी म्हटलं, "आमच्या नावेला सुट्टी आहे." म्हणाली, "मग मक्यालाही सुट्टी." शेवटी निम्मी टोपली दिली, वर चिमूटभर उपदेश दिला. पाय सुजलेत. रात्री चेचलेला मका आणि शेवग्याचा पाला खाल्ला. येरे तीन वाट्या जेवला.

तुला सांगायचं होतं ते वेगळंच. आपल्याकडे नवे पातेर आलेत, मार्सेल म्हणून, माउमेरेकडचे. अगदी पोरसवदा. देवमासा पहिल्यांदा पाहिला तेव्हा उलटी झाली बिचाऱ्याला. गेल्या शुक्रवारी क्रूसाची वाट झाल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, "पातेर, एक विचारू? चिडायचं नाही."

"विचारा, नेलाबाई."

"देवाचा नेम इतका वाईट कसा?"

मी म्हटलं, "पोटात राग ठेवला माझ्या भावानं. शिक्षा त्याला व्हायची. भाला सुटला तो माझ्या नवऱ्याला लागला. देवाच्या जागी आमच्या नावेवर कुणी भालाईत असता ना, तर एका मोसमात गावानं त्याला मका कांडायला बसवला असता."

मला वाटलं आता पापनिवेदनाला बोलावतील. पण ते पायरीवर बसले. म्हणाले, "नेलाबाई, देवानं दोर ओढला नाही."

"मग कुणी ओढला?"

"माशानं."

मी तडक घरी आले. इतका राग मला तुझाही आला नव्हता. माशानं! एवढं शिकून आलेला माणूस, आणि सांगतो काय, तर माशानं.

दुसऱ्या दिवशी दामियानच्या कबरीवर गेले. तू निघून गेलास, त्यामुळे तुला माहीत नाही. देह मिळाला नाही, म्हणून रीतीप्रमाणे पेटीत शंख ठेवून पुरला. पेटी इतकी हलकी होती, की उचलणाऱ्यांनी जड असल्यासारखी तोंडं केली, माझ्यासाठी. तिथं बसून मी पहिल्यांदा नीट आठवलं, की तुमचं भांडण काय होतं. ताडी प्यायला बसले होते सगळे. तुझा नेम आदल्या मोसमात दोनदा चुकला होता. दामियान सगळ्यांसमोर म्हणाला, "बायको वाचवता आली नाही, हा देवमासा काय मारणार!" रोसविता आणि बाळ जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ती तिकडे कळा देत होती आणि तू इकडे समुद्रात होतास, हे तुला कुणी सांगायला नको होतं, आणि तसं तर मुळीच नको होतं.

मी घरी त्याला म्हटलं होतं, "जीभ आहे की कोयता? जा, माफी माग." तो म्हणाला, "उद्या." मग पाणी फिरलं तेव्हा तोही म्हणालाच की, "काही नाही." तिन्ही वेळा. म्हणजे त्या संध्याकाळी दोघंही खोटं बोललात. गावानं फक्त जो जिवंत परतला त्याला धरलं.

हे मी आमा बोलींना सांगितलेलं नाही. तुला सांगते आहे.

नेला


५ एप्रिल
शुभ शुक्रवार

प्रिय ब्लासी,
अनेक आशीर्वाद.

हो, लिहिला. दोनदा वाच हवं तर.

आज क्रूसाचं चुंबन घ्यायला रांगेत उभी होते. पुढे तेक्ला मावशी, तिच्या गुडघ्यामुळे रांग गोगलगाईसारखी सरकत होती. उभ्या उभ्या माझ्या मनात आलं, की पातेर बोलले ते जर खरं असलं तर? दोर ओला होता, वेटोळं नीट बसलं नव्हतं, मासा मोठा होता, आणि दामियानचा पाय नको तिथं होता. बस. त्यात ना तुझा राग, ना देवाचा न्याय. असे किती गेले आपल्या किनाऱ्यावरून! प्रत्येकाच्या मागं आपण एक पाप शोधून काढलं. आजोबांच्या वेळी कुणी वडाची फांदी तोडली म्हणून, बापाच्या वेळी कुणी सुनेला उपाशी ठेवलं म्हणून. शोधलं की कुणाच्या पोटात सापडत नाही?

मग माझ्याच ध्यानात आलं, की मला तू गुन्हेगार हवा होतास. माझा माणूस नुसत्या एका ओल्या दोरानं नेला, हे मला सोसलं नसतं. त्यापेक्षा देवानं नेला, तुझ्या पापापायी नेला, हे बरं होतं. निदान त्याच्या मरणाला काही किंमत राहत होती. त्या दिवशी किनाऱ्यावर सगळ्या गावासमोर मी तुझ्या तोंडावर वाळू फेकली. म्हटलं, "तू मरशील तिथं तुझे डोळे मिटायलाही कुणी नसेल." सख्ख्या बहिणीनं. तुला कडेवर घेऊन हिंडवलेल्या बहिणीनं.

ब्लासी, तुझ्याकडून काहीच झालं नाही. रागावला होतास, तर रागावायला कारण होतं. मी माफ केलं. खरं तर माफ करण्यासारखं काही नव्हतंच. मिस्सेनंतर आमा बोलींना सांगितलं, की माझ्या बाजूनं मिटलं. म्हाताऱ्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. येरे तर संध्याकाळीच छपराखाली जाऊन नावेच्या फटी भरायला बसला, सांगावं लागलं त्याला, की अरे आज शुभ शुक्रवार आहे, हात जोड, हातोडा नको.

फार हलकं वाटतंय. ये. आता मी सांगते म्हणून ये. माझ्याच घरी उतर.

तुझी ताई


२० एप्रिल

तुझं पत्र आलं. आदोनारा बेटावरचा तो माणूस, तुझ्याच मळ्यात काम करतो तो, काल हातात देऊन गेला. वरची तारीख पाहिली. माझं शुक्रवारचं पत्र तुला मिळायच्या आधीच लिहिलंयस. म्हणजे मी माफ केल्याचं तुला कळलं नव्हतं. कुणी मागितलं नसताना, कुणाला कधी कळलं नसतं ते, तू आपण होऊन लिहिलंस.

मी वाचलं. मग चूल कधी विझली ते कळलं नाही.

"ताई, मी भाल्यासकट माशावर उडी घेतली, पाण्यात पडलो, परत नाळेवर चढलो, मागं वळलो. दोर सुटत होता. दाजींचा पाय मला वेटोळ्यात दिसला. 'पाय' एवढंच ओरडायचं होतं. मी ओरडलो नाही. मनात आलं, पडू दे. पाण्यात पडेल, भिजेल, सगळे हसतील, मग बघू याची जीभ. एवढंच आलं, ताई. शपथ घेऊन सांगतो, मरण मनात नव्हतं. मग दोर ताणला."

हे तुझेच शब्द, तुलाच परत पाठवते. बघ कसे दिसतात.

एक शब्द, ब्लासी. वल्हवणारी पोरंसुद्धा दिवसातून दहादा ओरडतात, पाय, हात, डोकं. तुझ्या तोंडातून तो निघाला असता तर मी आज कुणाची विधवा नसते.

पुढं लिहितोस, की तावाऊच्या देवळात फादरांजवळ पापनिवेदन केलं, त्यांनी क्षमा दिली, प्रायश्चित्त म्हणून जपमाळ करायला सांगितली. "मी विचारलं, एवढंच? ते म्हणाले, देवाकडून एवढंच. तुझ्या बहिणीला सांगायचं धैर्य असेल तर सांग." आणि आता सांगून मोकळा झालास. पाणी तोंडात घ्यायला येणार नाहीस, कारण हे पाण्यानं जाणारं नव्हे. मी म्हणेन तसं करशील. ये म्हटलं तर येशील, नको म्हटलं तर तिथंच मरशील आणि तोंडातून ब्र काढणार नाहीस.

मोठा आलाय माझ्यावर सोपवणारा.

शुक्रवारचं पत्र मिळालं असेल तर फाडून टाक. ते दुसऱ्याच कुणाला तरी लिहिलेलं होतं.


४ मे

ब्लासी,

पाणी फिरलं ते सांगते. आधी रागावून घे, की इतके दिवस का लिहिलं नाही. घेतलंस? आता ऐक.

तुझं पत्र मी आधी कुणाला दाखवलं नाही. पातेरांना मात्र सांगितलं, नाव न घेता, पण ते काय दुधखुळे नाहीत. ते ओट्यावर मका सोलत बसले होते. मी म्हटलं, "पातेर, शुभ शुक्रवारी तुम्ही तो चोर सांगितलात. येशूच्या शेजारच्या क्रूसावरचा. एक वाक्य बोलला आणि त्याच दिवशी स्वर्गात गेला."

"हो."

"त्यानं कुणाला तरी लुटलं असेल, मारलं असेल. म्हणून तर टांगला. ज्याला मारलं त्याची बायको त्या टेकडीखाली उभी असेल. तिला कुणी विचारलं?"

पातेरांनी कणीस टोपलीत ठेवलं. मान खाजवली. मला वाटलं आता पुस्तकातलं काहीतरी काढतील. म्हणाले, "नाही विचारलं."

"का?"

"माहीत नाही, नेलाबाई. तिच्याबद्दल शुभवर्तमानात काही नाही. मी असतो तर..." नंतर एवढंच म्हणाले, "त्याला क्षमा मिळाली ती तिच्या वाट्याची नव्हती. तिची तिच्याकडेच राहिली असणार. द्यायची की नाही, तेही तिच्याकडेच." मी त्यांचा उरलेला मका सोलून दिला आणि आले.

तीस तारखेला दिवस मावळताना थोरल्या घरात सगळे जमले. तू नव्हतास. आमा बोली म्हणाले, भावाच्या जागी बहीण पाणी घेईल, भावाचं आणि नवऱ्याचं, दोन्ही घरांचं तिच्याकडेच येतं. माणसं खूश होती. बेनी नसलेले दात दाखवून हसत होता. नावेला नवं शीड विणलेलं होतं, दोर वळून तयार होता, सगळं मी मिटलं म्हणाले होते त्या भरवशावर. येरे समोरच बसला होता, बापाची कंबरेची पट्टी बांधून.

करवंटी फिरत माझ्याकडे आली. आमांनी विचारलं, "नेला, तुझ्या आणि तुझ्या भावाच्या मध्ये काही उरलंय का?"

मी करवंटीतलं पाणी बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, बाईमाणूस, भरून आलं असेल.

दुसऱ्यांदा विचारलं. मी येरेकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि जिभेच्या टोकावर तेच शब्द तयार होते. काही नाही. किती सोपे, रे! घरातली माणसं आनंदात बसली आहेत, नाव तयार आहे, आणि आपण एकट्यानं सगळ्यांच्या ताटात माती कशाला कालवायची? तेव्हा कळलं, तू ते कसं म्हणालास. तीन वर्षं मी विचारत होते, याच्या तोंडातून खोटं निघालंच कसं. असं निघतं.

तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, "उरलंय."

मग जे झालं ते तू ओळखशील. तेक्ला मावशी कडाडली, "अगं ए भवाने, शुक्रवारी मिटलं होतं ना? की तुझ्या मनाला भरती-ओहोटी आहे?" वितालिस म्हणाला, "तीन वर्षं आमच्या बायका डोंगर चढतायत, अजून किती चढवणारेस?" कुणीतरी म्हणालं, मला नवऱ्याचं दुःख मिरवायची सवय लागली आहे. आमा बोलींनी हात वर केला. म्हणाले, "तिनं खरं सांगितलं. आपण विचारतो कशासाठी?" त्यांनी करवंटी जमिनीवर ठेवली आणि पाणी तिथंच राहिलं. पण मी पाहिलं, म्हातारा दारातून नावेच्या छपराकडे बघत होता. त्याला जिवंतपणी एकदा ती नाव पाण्यात बघायची आहे.

पहिल्या तारखेला समुद्रात गेलेल्यांची मिस्सा झाली. दामियानचं नाव वाचलं. बाकीच्या नावा सुटल्या, आपली छपराखाली. काल शेजारच्या घराण्यानं मासा आणला, सगळा किनारा लाल झाला होता. आपल्या बायका हात बांधून बघत उभ्या होत्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, तेही मला दिसत होतं.

येरे दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि उभ्यानंच विचारलं, "आई, मामानं काय लिहिलंय?" गेला तो बाप त्याचा, नाही कसं म्हणू? मी पत्र दिलं. त्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, घडी घालून परत दिलं. दोर वळल्यासारखी बोटं चोळत बसला. मग म्हणाला, "मलाही वाटलंय असं. बेनीच्या बाबतीत. पडावा एकदा, म्हणून. माझा कुणी पडला नाही, एवढंच."

मी चिडले. म्हटलं, "तीन वर्षांत बापाला विसरलास, म्हणून तुझं मन इतकं मोठं." त्याचं तोंड उतरलं. बोलायला नको होतं. दामियानच्या जिभेला मी कोयता म्हणायचे, आणि माझी बघ. त्याची माफी मी आज सकाळी मागितली, उद्यावर टाकली नाही.

आता तुझं.

ब्लासी, शुक्रवारी मी तुला माफ केलं, कारण तुझ्याकडून काही घडलंच नाही अशी माझी खात्री पटली होती. ज्यानं काही केलंच नाही त्याला माफ करायला काय लागतं? फुकटचा मोठेपणा. आता तू केलंस म्हणतोस, आणि मला ते खरं वाटतं, आणि मला तुझा राग येतो. आज येतो, उद्याही येईल. आणि तू तिकडे एकटा खोलीत जपमाळ घेऊन बसला आहेस, हे डोळ्यांसमोर आलं की तुझ्यासाठीही ताट वाढावंसं वाटतं. दोन्ही एकदमच होतं. कुठलं आधी संपेल मला माहीत नाही.

तावाऊच्या फादरांनी क्षमा दिली ती पुरी झाली, असं पातेर म्हणतात. असेल. देवाला एका वाक्यात जमतं. मला नाही जमत. मी डोंगर चढणारी बाई आहे, मला एकेक पाऊल टाकावं लागतं, मध्ये बसावं लागतं, आणि कधी कधी चार पावलं मागंही यावं लागतं. मला रोज थोडं थोडं करावं लागेल. त्यासाठी तू समोर हवास. तू त्या किनाऱ्यावर आणि मी या किनाऱ्यावर, असं मला तुला माफ करता येणार नाही. तिथं राहिलास तर तू नुसता मरशील, आणि मी नुसती चिडत राहीन.

तर तू माझ्यावर सोपवलंस, माझं उत्तर हे. ये.

नावेसाठी नको. नाव या मोसमात निघेल की पुढच्या, ते आमा बघतील. येरे म्हणतो तो थांबेल. गावाला काय सांगायचं ते तू ठरव, मी तुझ्या वतीनं काही बोलणार नाही, लपवणारही नाही. लेवोलेबाला बोटीच्या धक्क्यावर येरे येईल. मी येणार नाही. वाटेत कुणी काही बोललं तर ऐकून घे.

पहिले काही दिवस मी तुझ्याशी बोलले नाही तर काढता पाय घेऊ नकोस. जेवायला वाढीन. आणि तुला बघून मी दार लावून घेतलं, तर पायरीवर बसून राहा. मी उघडीन.

नेला